कोकणचे रस्ते आणि पळणाऱ्या गाड्यांवरचा राग

मुंबई-गोवा महामार्गावर एखाद्या तरुणाच्या हातातली गाडी उलटली, की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत तीच चर्चा सुरू होते. एक बाजू म्हणते, या ‘स्पोर्टी’ गाड्याच रस्त्यावर नकोत. टर्बो इंजिनाच्या, रेसिंगचे पट्टे मारलेल्या गाड्या विकायच्या आणि पोरांनी त्या सावकाश चालवाव्यात अशी अपेक्षा धरायची, हे कसं चालेल? दुसरी बाजू म्हणते, गाडीचा काय दोष, चालवणाऱ्याच्या डोक्यात हवा गेली असेल तर कुठलीही गाडी माणूस मारेल. मला या दोन्ही बाजू विचारात कमी पडलेल्या वाटतात. पहिली चुकीच्या गुणाला दोष देते आणि दुसरी गाडी बनवणाऱ्याला सरसकट मोकळं सोडते. गाडीच्या रचनेचा सुरक्षिततेशी संबंध आहे आणि तो मोठा आहे. मात्र एखादी गाडी चालवायला मजा येते म्हणून ती इतरांना धोकादायक ठरते, हे मला मान्य नाही. कोकणच्या रस्त्यांवर जीव घेतो तो वेग, वजन आणि वेगाची जाणीवच होऊ न देणारी गाडी. नेमकी वळणारी, लवकर थांबणारी, रस्ता चालकाच्या हाताला कळवणारी हलकी गाडी या धोक्यांच्या यादीत फार खाली येते.

आधी मजा म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. गाडीची आवड नसलेल्यांना मजा म्हणजे सुसाट जाणं वाटतं. गाडी मनापासून चालवणाऱ्याला विचारा. तो स्टिअरिंगबद्दल बोलेल, ब्रेकवर पाय ठेवल्यावर गाडी कशी बसते त्याबद्दल बोलेल, वळणात ती किती कलते आणि गिअर कसा पडतो ते सांगेल. या सगळ्याला शंभरचा वेग लागत नाही. आंबोलीच्या घाटात तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरने गेलं तरी गाडीवर बाजूला ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. मागे बसलेल्यांना मळमळायला तेवढं पुरतं. अशा वळणांवर हलक्या, बुटक्या गाडीत बसलेल्या माणसाला कायद्याच्या मर्यादेत राहूनही हवं ते सगळं मिळतं. उलट दोन टनांची उंच, मऊ, आतून शांत गाडी त्याला काही सांगतच नाही. तिच्यात काही घडतंय असं वाटायला लागतं तेव्हा काटा शंभरावर गेलेला असतो आणि समोर वाडीचा थांबा येतो.

विरोधकांच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतला आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तिथल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग सुरक्षा संस्था कोणत्या गाडीत किती चालक मेले याची आकडेवारी काढते. २०२० सालच्या मॉडेलांच्या हिशेबात चालकांच्या मृत्यूंचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या गाड्यांमध्ये डॉज चॅलेंजर, डॉज चार्जर, शेवरोले कॅमारो अशा प्रचंड ताकदीच्या ‘मसल कार’ ठळकपणे होत्या. त्यांचे चालक स्वतः मरतातच, समोरच्या गाडीतल्यांनाही मारतात. हे खरं आहे, आणि ज्यांना या गाड्या आवडतात त्यांनी याकडे पाठ फिरवू नये. पण त्याच यादीच्या अगदी शिखरावर कोणती गाडी होती? मित्सुबिशी मिराज. तीन सिलिंडरचं, जेमतेम ७८ अश्वशक्तीचं इंजिन असलेली, अमेरिकेतल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मंद गाड्यांपैकी एक. तिला कोणी स्पोर्टी म्हणणार नाही. आणि समोरच्या वाहनातल्या चालकाला मारण्याच्या यादीत पहिला होता तो एक अजस्र पिकअप ट्रक. म्हणजे हा पुरावा नीट वाचला तर तीन गोष्टी दिसतात: बेसुमार ताकद धोक्याची, अति दुबळं शरीर धोक्याचं आणि अति वजन दुसऱ्यासाठी धोक्याचं. चालवण्यातल्या आनंदावर ठपका ठेवणारं त्यात काही सापडत नाही. ताकद आणि आनंद एकाच गाडीत असू शकतात, म्हणून आपण त्यांना एकच समजून बसलो आहोत.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो मला बराच काळ अस्वस्थ करत आला आहे. गाडी जितकी चांगली, तितका चालक ती जास्त ताणतो. चांगल्या ब्रेकने मिळालेली सवड तो वेगात खर्च करून टाकतो. याला आधार आहे. १९८०च्या दशकात जर्मनीत म्युनिकच्या टॅक्सींच्या एका ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात दाबल्यावरही चाकं जाम न होऊ देणारे ब्रेक बसवले, काहींना नाही. अपघात कमी होतील अशी अपेक्षा होती. ते कमी झाले नाहीत. एबीएसवाले चालक पुढच्या गाडीच्या जास्त जवळून जाऊ लागले, वळणं जास्त जोरात घेऊ लागले. मग चांगली गाडी देणं व्यर्थच म्हणायचं का? तसं म्हणता येत नाही, कारण पुढचा इतिहासही आहे. गाडी घसरू लागली की एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावून तिला सरळ ठेवणारी यंत्रणा, जिला ईएससी म्हणतात, ती आल्यावर अमेरिकेत एकट्याच गाडीचे जीवघेणे अपघात सुमारे निम्म्याने घटले. चालकांनी तीही सवड वेगात उधळली असती तर हा आकडा आला नसता. ती यंत्रणा करते काय? चालकाने चाक फिरवलं तिकडे गाडी जाईल याची खात्री देते. चांगल्या हाताळणीच्या गाडीचा गुणही तोच. माणूस काही सवड खातो, पण सगळी खात नाही. आणि जी उरते ती संकटाच्या क्षणी कामाला येते.

तो क्षण कोकणात कसा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. जुलैची संध्याकाळ, धुकं, वळण संपतं आणि रस्त्याच्या मधोमध गुरं बसलेली. डांबर कोरडं आणि उबदार लागतं म्हणून ती तिथे येतात. ब्रेक मारायचा की चाक वळवायचं, हे ठरवायला एक सेकंदही नसतो. स्वीडनमध्ये हेच संकट मूस नावाच्या भल्यामोठ्या हरणाच्या रूपात रस्त्यावर येतं, म्हणून तिथे गाड्यांची चाचणीच तशी घेतात: वेगात असताना एकदम डावीकडे, लगेच परत उजवीकडे. १९९७च्या ऑक्टोबरात तिथल्या एका वाहनविषयक नियतकालिकाने मर्सिडीजची नवी ए-क्लास या चाचणीत घातली आणि ती उलटली. मर्सिडीजसारख्या कंपनीला विक्री थांबवून गाडीचं सस्पेन्शन बदलावं लागलं आणि ईएससी प्रत्येक गाडीत द्यावी लागली. ती गाडी वेगवान नव्हती, स्पोर्टी तर मुळीच नव्हती. ती उंच आणि अरुंद होती, कुटुंबासाठी म्हणून विकली जात होती. आपल्या घाटात गाईला वाचवताना कोणती गाडी चार चाकांवर उभी राहील, याचा विचार करणारा माणूस ‘मजेच्या’ गाडीला शिव्या देताना दोनदा थांबेल.

आणि तरीही राग त्या गाडीवरच निघतो, कारण ती दिसते. पट्टे मारलेली, आवाज करणारी बुटकी गाडी गावातून गेली की सगळ्यांच्या लक्षात राहते. तिच्याच मागून तिच्याहून जास्त वेगाने गेलेली पांढरी एसयूव्ही कोणाच्या लक्षात राहत नाही. तिच्यात कुटुंब असतं, पुढे गणपतीचा फोटो असतो, चाकरमानी गावाला चाललेला असतो. पण भौतिकशास्त्र कुटुंब बघत नाही. धडकेची ऊर्जा वजनाच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. अमेरिकेतल्या त्याच संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास मांडला: ज्या गाड्यांचं बॉनेट सुमारे एक मीटरपेक्षा उंच, त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. उंच बॉनेट पायाला न लागता छातीला आणि डोक्याला लागतं. शाळेतून परतणाऱ्या पोराच्या बाबतीत तर थेट डोक्याला. आपल्या देशात रस्त्यावर मरतं कोण? २०२२ साली १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारी. ज्यांच्याभोवती पत्र्याचं कवचच नाही, अशांच्या देशात उंच आणि जड गाड्या प्रतिष्ठेची खूण झाल्या आहेत आणि त्याबद्दल ग्रामसभेत कोणी चकार शब्द काढत नाही. याच गाड्या पुळणीवर नेऊन पाण्याच्या कडेला गोल गोल फिरवण्याचा प्रकार आता दापोलीपासून मालवणपर्यंत माहीत झाला आहे. पोरं किनाऱ्यावर खेळत असतात, रापण ओढणारी माणसं असतात. घाटाच्या वळणासाठी बनवलेली बुटकी गाडी तिथे जाऊच शकत नाही. मग धाडसाची जाहिरात कोणत्या गाड्यांच्या नावाने चालली आहे?

जाहिरातींबाबत मी विरोधकांच्या बाजूने आहे. मोकळ्या रस्त्यावर धूळ उडवत, पाण्याचे फवारे मारत जाणारी गाडी दाखवून खाली बारीक अक्षरांत ‘व्यावसायिक चालक, अनुकरण करू नका’ लिहिणं ही पळवाट आहे. जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्याच आचारसंहितेत धोकादायक चालवण्याला उत्तेजन देऊ नये असं म्हटलं आहे. ते पाळलं जावं यासाठी लोकांनी तक्रारी केल्या पाहिजेत.

आता वेगाबद्दल. सरकारी अहवालात दरवर्षी सत्तर टक्क्यांच्या आसपास अपघात आणि मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात पडतात. ही नोंद पोलीस करतात आणि दुसरं कारण हाताशी नसलं की तोच रकाना भरला जातो, हे कोणताही वकील सांगेल. तरी वेगाचा मुद्दा त्याने लहान होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. पावसात हिशेब आणखी कठोर होतो. ओल्या रस्त्यावर ताशी ६० ने जाणाऱ्या गाडीला धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत पन्नासेक मीटर लागतात. ९० ने जाणारीला शंभर. मासळीच्या गाड्यांतून सांडलेलं पाणी, डंपरने आणलेली जांभ्याची लाल माती आणि पहिला पाऊस एकत्र आले की त्याहूनही जास्त. आता सांगा, हे शंभर मीटर कोणत्या गाडीला लागतात? स्वस्त टायरवर धावणाऱ्या जड गाडीला जास्त, चांगल्या पकडीच्या टायरच्या आणि चांगल्या ब्रेकच्या हलक्या गाडीला कमी. आजच्या साध्या, कौटुंबिक म्हणवणाऱ्या गाड्याही सहज दीडशेच्या पुढे जातात. मजेच्या गाड्या उद्या बंद केल्या तरी महामार्गावरचा वेग ताशी एका किलोमीटरनेही कमी होणार नाही.

कोकणाच्या मनावर कोरलेले अपघात आठवा. मार्च २०१३ मध्ये खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून खासगी बस कोसळली, ३७ माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्यासोबत दोन एस.टी. गाड्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत पडली, ३३ जणांचा मृत्यू झाला. ४ सप्टेंबर २०२२ ला उत्तर कोकणात, पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर गाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ती जर्मन कंपनीची भक्कम एसयूव्ही होती. पुढे बसलेले दोघे वाचले; मागे पट्टा न लावता बसलेले दोघे वाचले नाहीत. तीन पदरी रस्ता त्या पुलापाशी दोन पदरी होतो. या प्रत्येक ठिकाणी पूल, कठडा, वळण, पट्टा यांचा प्रश्न होता. मी असं म्हणत नाही की मोठे अपघात हेच सगळं चित्र आहे. रोज एकेक करून जाणारे दुचाकीस्वार त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. पण ते तरी कुठे मरतात? झाराप ते खारेपाटण हा चौपदरी टप्पा आधी पूर्ण झाला तेव्हा सिंधुदुर्गाला आनंद झाला. त्याच रस्त्याने वाडी एका बाजूला आणि शेत, शाळा, देऊळ दुसऱ्या बाजूला टाकलं. चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर मोटारींची मर्यादा ताशी १०० आहे, आणि तोच रस्ता म्हातारी माणसं डोक्यावर गवताचा भारा घेऊन ओलांडतात. तिथे कोणत्या जातीची गाडी येते आहे, याने काय फरक पडतो?

इतिहासात हा राग नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवला आणि वेग गावात ताशी दोन मैल, बाहेर चार मैल ठरवला. १८९६ मध्ये ते बंधन गेलं. पुढे रस्ते सुरक्षित झाले ते निशाणाने झाले नाहीत. परवाना, पदपथ, दिवे, आसनपट्टा यांनी झाले. पण याहून जवळचं उदाहरण जपानचं, कारण डोंगर, अरुंद घाटरस्ते आणि दाट वस्ती ही आपल्यासारखीच. १९७० साली तिथे रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली. त्याच वर्षी वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा आला, सिग्नल आणि पदपथ उभे राहिले, मृत्यू निम्म्यावर आले. नंतर १९८०च्या दशकात ते पुन्हा वाढले आणि १९९२ ला अकरा हजारांवर गेले. ही जपानी स्पोर्ट्स गाड्यांची सुवर्णवर्षं होती, डोंगरातल्या वळणांवर रात्री शर्यती लावणारी पोरं तेव्हाचीच. माझे विरोधक इथे बोट ठेवतील, आणि त्यांनी ठेवावं. जपानी कंपन्यांनी तेव्हा आपसांत ठरवून इंजिनाची जाहीर ताकद २८० अश्वशक्तीच्या वर न्यायची नाही असा संकेत पाळला. पण पुढे काय झालं? २००४ मध्ये तो संकेत सोडला गेला आणि मृत्यू घटतच राहिले. २०२० मध्ये ते २,८३९ होते. मधल्या काळात मद्यपी चालकांवरच्या शिक्षा जबर झाल्या, शर्यतींच्या घाटांत वेग मोडणारे उंचवटे बसले, गाड्यांची शरीरं भक्कम झाली. माझदाची छोटी, दोन आसनांची, केवळ चालवण्याच्या आनंदासाठी बनवलेली एमएक्स-५ मात्र १९८९ पासून आजपर्यंत विकली जाते आहे. तिच्यावर बंदी न घालता जपानने मृत्यू एक षष्ठांशाच्या आसपास आणले.

ताकदीची मर्यादा हवी असेल तर ती माणसाच्या अनुभवाशी बांधली पाहिजे, आणि इथे मी बंदीवाल्यांपेक्षा पुढे जायला तयार आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले, तेव्हा चाकावर १७ वर्षांचा मुलगा होता आणि गाडीची कायमची नोंदणीही झालेली नव्हती. त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला म्हणून सगळा महाराष्ट्र संतापला, योग्यच संतापला. पण तो मुलगा काही महिन्यांनी अठराचा होऊन साधी परीक्षा देता, तर कायद्याने त्याला तीच गाडी मिळाली असती. आपल्याकडे हलक्या मोटारीचा परवाना एकच: त्यावर लहान हॅचबॅकही चालते आणि साडेसात हजार किलोपर्यंतचं वाहनही. परीक्षा मैदानात आठचा आकडा काढून आणि गाडी मागे घेऊन संपते. घाट नाही, पाऊस नाही, रात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांत नव्या चालकाला वजनाच्या मानाने फार ताकदीच्या गाड्या काही वर्षं चालवता येत नाहीत. इटलीतही तसं बंधन आहे. आपल्या कायद्यालाही पायरीपायरीने परवाना देणं परकं नाही: सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, व्यावसायिक वाहनाला विसावं वर्ष लागतं. मग मोटारीलाच ही पायरी का नको? पहिली तीन वर्षं दर टन वजनामागे ठरावीक ताकदीपुरतीच गाडी, आणि ही मर्यादा एसयूव्हीलाही तितकीच लागू.

शेवटचा आक्षेप नीतीचा आहे. लोक म्हणतात, रस्ता सगळ्यांचा आहे, तिथे एकाने मजा का करावी? आंबा पेट्यांत भरून वाशीला निघालेला बागायतदार, रुग्णाला डेरवणच्या रुग्णालयात नेणारा रिक्षावाला यांच्या वाटेत कोणाची हौस का यावी? या भावनेत मला तथ्य दिसतं. पण हौशी चालकाबद्दल एक गोष्ट विसरली जाते. ज्याला चालवण्यात रस आहे त्याचं लक्ष रस्त्यावर असतं, टायरची हवा त्याला माहीत असते, पावसाआधी तो ब्रेक तपासतो. एस.टी.त पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा सत्कार होतो. त्यांच्यापैकी कोणाशी घाटाबद्दल बोलून बघा, कामाच्या पलीकडचा आनंद त्यांच्या बोलण्यात ऐकू येतो. ज्याला गाडी चालवणं म्हणजे दोन फोनांच्या मधली अडचण वाटते, ज्याच्या गाडीने त्याला रस्त्यापासून पुरतं तोडून ठेवलं आहे, त्याच्यासमोर कुंभार्ली घाटाच्या वळणावर यायला मला जास्त भीती वाटते.

तेव्हा पुढच्या गणपतीआधी निवेदन द्यायचंच असेल तर त्यात गाड्यांची नावं लिहून काय उपयोग? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बसले, तसे कशेडी आणि परशुराम घाटांत आणि झाराप-खारेपाटणच्या टप्प्यावर मागावेत. महामार्गाने कापलेल्या प्रत्येक वाडीला भुयारी वाट किंवा पादचारी पूल मागावा, आणि तो होईपर्यंत त्या जागी ५० ची मर्यादा आणि रस्त्यावरच उंचवटे. प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे घाटातली परवाना-परीक्षा मागावी. पुळणीवर नेलेली गाडी, कितीही किमतीची असो, जप्त व्हावी अशी मागणी त्यात असावी. आणि मागच्या आसनावरचा पट्टा चाकरमान्यांच्या गाड्यांत तपासला जावा, खारपाड्यापासूनच.